ढवळ्या, पवळ्या आणि बुटातले शंभर डॉलर : फिल्म सोसायट्यांना एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या फिल्म सोसायट्यांच्या कार्यक्रम समित्या

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यापैकीच एका सोसायटीचा जुना सभासद. वर्गणी वेळेवर भरणारा, चर्चेत फारसं न बोलणारा, खुर्च्या मांडायला आणि उचलायला मात्र कायम हजर. मागच्या पावसाळ्यात आमच्या समितीनं ‘वेस्टर्न विशेष’ ठरवला तेव्हा मी एक नाव सुचवलं : ‘बॅड कंपनी’, १९७२, दिग्दर्शक रॉबर्ट बेंटन. एकानं तिथल्या तिथं मोबाइलवर शोधलं. आधी ब्रिटिश रॉक बँड निघाला, मग त्याच नावाचा २००२ चा एक मारधाडपट. “यातला नक्की कुठला?” असं विचारून सगळे हसले आणि विषय चहाबरोबर संपला. महोत्सवात मग नेहमीचेच पाच चित्रपट लागले. चांगलेच होते, नाही कशाला म्हणू? पण मी ते पाचही चित्रपट याच खुर्च्यांवर याआधी दोनदा पाहिले होते, आणि माझ्या शेजारचे गृहस्थ तिसऱ्यांदा झोपले होते.

म्हणून हे पत्र. आमच्याच समितीला लिहून भागलं असतं, पण दुखणं एकट्या आमच्या समितीचं नाही.

आधी कथा सांगतो. शेवट मात्र सांगणार नाही.

साल १८६३. अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी पेटलेली आहे. ओहायो राज्यातल्या ग्रीनव्हिल गावात उत्तरेच्या फौजेचे शिपाई घराघरांतून पोरं उचलताहेत. पहिल्याच दृश्यात ते एका घरातून मुलीचा झगा घातलेल्या एका पोराला बाहेर ओढून काढतात. आईनं त्याला लपवायला झगा चढवलेला. हसू येतं, आणि आलेलं हसू घशातच अडकतं. पुढचं घर ड्रू डिक्सनचं. त्याचा थोरला भाऊ लढाईत कामी आलेला आहे. आईबाप धाकट्याला लपवतात आणि शिपायांची पाठ वळताच त्याच्या हातात शंभर डॉलर आणि मेलेल्या भावाचं घड्याळ ठेवून त्याला पश्चिमेकडे धाडतात. जायचं कुठं, तर नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीला. १८५९ मध्ये तिथं चांदीची मोठी शीर सापडली होती आणि सगळ्या देशाचे डोळे तिकडं लागले होते.

मध्ये मिझुरीतलं सेंट जोसेफ लागतं. त्या वेळी रेल्वे तिथपर्यंतच होती, पुढं सगळं बैलगाड्यांच्या तांड्यांवर. याच गावातून १८६० मध्ये पोनी एक्स्प्रेसचे टपालस्वार सुटले होते, आणि याच गावात पुढं १८८२ मध्ये जेसी जेम्स हा नामचीन दरोडेखोर आपल्याच टोळीतल्या माणसाच्या गोळीनं मेला. तर ड्रू तिथं उतरतो आणि त्याला पहिल्यांदा भेटतो जेक रमसी : गोडबोल्या, हसरा, वयानं बरोबरीचा. गप्पा मारत गल्लीत नेतो आणि डोक्यात पिस्तूल हाणून त्याचा खिसा रिकामा करतो. पुढं धर्मोपदेशकाच्या बायकोच्या दिवाणखान्यात दोघांची पुन्हा गाठ पडते. तिथं ती जी मारामारी होते, तीत दिवाणखान्याचा पार चक्काचूर होतो आणि दोघांची मैत्री जमते. कुठं जमली हे नेमकं दाखवता येत नाही, तशीच ती जमलेली आहे.

मग सहा पोरं पश्चिमेला निघतात. जेक, ड्रू, दोन लोगन भाऊ, आर्थर सिम्स आणि सगळ्यांत धाकटा बूग, दहाएक वर्षांचा. टोळी म्हणायची ती एवढीच.

आता जरा हिशेबाकडं वळू, कारण माझ्या मते चित्रपटाची चावी तिथं आहे. मार्च १८६३ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं सक्तीच्या भरतीचा कायदा केला. वीस ते पंचेचाळीस वयाचे पुरुष त्यात आले. पण त्यात एक फट होती : सरकारला तीनशे डॉलर भरा किंवा बदली माणूस द्या, तुम्ही सुटलात. तीनशे डॉलर म्हणजे तेव्हा एका मजुराची साधारण वर्षाची कमाई. श्रीमंताची लढाई आणि गरिबाचं मरण, असं लोक उघड बोलू लागले. त्याच जुलैत न्यूयॉर्कमध्ये भरतीविरुद्ध चार दिवस दंगल पेटली, आणि त्या रागाचे सगळ्यांत जास्त चटके बसले ते तिथल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना, ज्यांचा त्या कायद्याशी काडीचाही संबंध नव्हता.

ड्रूच्या आईबापांनी काढून दिले ते शंभर. तीनशेवाला घरी राहिला, शंभरवाला पळाला, आणि ज्याच्याकडं काहीच नव्हतं तो जेक आधीपासून रस्त्यावरच होता. चित्रपट हे कुणाच्या तोंडून वदवून घेत नाही. ते शंभर डॉलर तो फक्त ड्रूच्या बुटात ठेवतो आणि पुढं सबंध चित्रपटभर त्या बुटाला चालायला लावतो.

टोळीत शिरायचं तर काहीतरी लुटून आणून दाखवावं लागतं. ड्रू चांगल्या घरातला, मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या वळणाचा, चोरी करणार नाही. मग तो बुटातल्याच थोड्या नोटा काढून ‘ही माझी लूट’ म्हणून पुढं करतो. पोरं खूश. त्याचं मनही स्वच्छ. पुढं पोरं उपाशी मरायला लागतात, आणि बुटातला उरलेला पैसा बुटातच राहतो. ड्रू रोजनिशी लिहितो, आपण मार्गावरून ढळलो नाही याची त्यात नोंद ठेवतो, रात्री शेकोटीपाशी सगळ्यांना ‘जेन आयर’ ही इंग्रजी कादंबरी वाचून दाखवतो. आणि ज्यांना वाचून दाखवतो त्यांच्यापासून पैसा लपवतो.

आपल्याकडं म्हण आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. चित्रपटाचं नाव मराठीत ‘वाईट संगत’ असंच होईल, आणि पहिल्या अर्ध्या तासात आपण ठरवून टाकतो की जेक हा ढवळ्या आणि ड्रू हा पवळ्या. तास उलटल्यावर माझी खात्री डळमळली. जेक चोर आहे, पण जे आणतो ते सगळ्यांसमोर टाकतो. ड्रू चोर नाही, पण त्याचा बूट त्याच्या तोंडापेक्षा जास्त बोलतो. कुणाचा गुण कुणाला लागला? मी चार वेळा पाहिला. दोनदा वाटलं बिघडलेला ड्रू, दोनदा वाटलं बिघडलेला जेक.

मंडळी, वेस्टर्न म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? घोडा, टोपी, पिस्तूल, आणि पिस्तूल उपसायचा वेग. आपल्या हिंदी पडद्यानं हे सगळं उचललं आणि रामगढच्या खडकांत नेऊन बसवलं, त्यामुळं ते आपल्या बालपणाचाही भाग झालं. या सगळ्यात एक गृहीत धरलेलं असतं, की दरोडेखोर हे कसबी लोक असतात. नेम अचूक, घोडा हुकमी, जंगलात रात्र काढणं म्हणजे डाव्या हाताचा मळ.

‘बॅड कंपनी’मध्ये ही सहा पोरं एक ससा मारतात. आणि मग प्रश्न पडतो : याचं आता करायचं काय? सोलायचा कसा, हे सहांतल्या एकालाही माहीत नाही. आजवर ताटात आला तेवढाच ससा त्यांनी पाहिलेला. पुढारी म्हणून जेकला सुरी हातात घ्यावी लागते. तो ‘त्यात काय एवढं’ अशा आवाजात बोलत राहतो, पोटातलं वर येत असतानाही बोलत राहतो, आणि बाकीची पोरं तोंडं वाकडी करून बघत राहतात. मी खेड्यात वाढलो. बोकड सोलणाऱ्या माणसाचा हात कसा चालतो ते मी पाहिलंय : न बघता, पिशवी उलटी करावी तसा. जेकचा हात तसा चालत नाही, तो झटापट करतो. जेक झालेला जेफ ब्रिजेस तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि पुढारीपणाचा आव म्हणजे काय हे त्यानं त्या एका सशावर जेवढं दाखवलंय, तेवढं मला दहा बंदूकबाजांच्या आमनेसामनेत दिसलेलं नाही.

समितीतले कुणी म्हणतील, मग हा विनोदी चित्रपट आहे का? आहे. पहिला तासभर तर तुम्ही हसत असता. रस्त्यात त्यांना पश्चिमेकडून हरून परतणारा एक शेतकरी भेटतो. सरकारनं १८६२ मध्ये कायदा करून १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली होती, त्या आशेनं गेलेल्या हजारोंपैकी हा एक असावा. तो सांगतो की पुढं काहीही नाही, आणि मग बरोबर जे काही उरलंय ते विकायला काढतो, त्यात आपल्या बायकोचाही सौदा करतो. हे सगळं इतक्या सपाट आवाजात चालतं की हसावं की उठून जावं कळत नाही. पुढं बिग जो नावाच्या एका बोलघेवड्या म्हाताऱ्या दरोडेखोराची टोळी या पोरांनाच लुटते. लुटारूंना लुटणारे लुटारू! आणि तीही टोळी अशी, की तिला बघून यांनाच थोडी कीव यावी.

आणि मग तो पाय येतो. (हा शब्द मराठीत लिहिताना माझी नेहमी पंचाईत होते. फळांचं गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी समजा.) एका शेतघराच्या खिडकीत तो गार व्हायला ठेवलाय. बूग, दहा वर्षांचा, भुकेला, तो उचलतो आणि धूम ठोकतो. घरातून बंदुकीचा बार होतो.

बस्स. पाठलाग नाही, संगीत नाही, मरणारा काही बोलत नाही, कुणी त्याचं डोकं मांडीवर घेत नाही. क्षणापूर्वी तुम्ही हसत होतात, आणि ते हसू अजून तुमच्या तोंडावरच आहे, ते पुसायला वेळच मिळालेला नाही. मला राग याचा आला, की मी हसत होतो. दिग्दर्शकानं मला त्या पोरांच्या टोळीत कधी ओढून घेतलं हे मलाच कळलं नव्हतं.

त्यानंतर टोळी विरत जाते, आणि कसकशी ते सांगत बसत नाही. फक्त दोघे लोगन भाऊ पुढं एका झाडापाशी पुन्हा भेटतात, एवढं सांगतो. झाडाखाली नाही.

आता प्रोजेक्टर चालवणाऱ्या मित्रांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. या चित्रपटाचं छायाचित्रण गॉर्डन विलिसचं आहे. त्याच वर्षी, १९७२ मध्येच, पडद्यावर आलेला ‘गॉडफादर’ही त्यानंच चित्रित केला होता आणि अंधाराला घाबरायचं नसतं हे हॉलिवूडला शिकवलं. इथं त्याला मिळालीत कॅन्ससची उघडी माळरानं, पानगळीचे दिवस, सुकलेल्या गवताचा रंग आणि वर राखाडी आभाळ. वेस्टर्न म्हटल्यावर आपण निळंभोर आकाश आणि लाल कडे मनात धरून बसतो, तसं इथं काहीच नाही. सगळं कसं जुन्या ट्रंकेत सापडलेल्या फोटोसारखं तपकिरी आणि थंड. घरांच्या आत तर चेहऱ्याची एक बाजू उजळलेली, दुसरी गेलेली. आपल्या हॉलमध्ये काय होतं, की चित्र काळं दिसलं रे दिसलं की कुणीतरी ओरडतो, “ब्राइटनेस वाढव!” आणि आपण वाढवतो. कृपा करून इथं वाढवू नका. त्याऐवजी बाजूच्या खिडक्यांना काळं कापड लावा आणि दारावरचा तो हिरवा दिवा झाका. निदान चित्रपट सुरू असेपर्यंत चहावाल्याला दार उघडू देऊ नका.

संगीताचंही तसंच. वेस्टर्नला शोभेलसा वाद्यमेळ नाही, आहे तो मुख्यतः एक पियानो. हार्वी श्मिट या रंगभूमीवरच्या संगीतकाराचा. आपल्याकडं मूकपटांच्या काळात पडद्यापुढं बसून पेटी आणि तबला वाजवत, तशी काहीशी जात आहे त्या पियानोची : चाललेल्या गोष्टीकडं तिरप्या नजरेनं बघणारी, जरा खोडकर, आणि वेळ आली की गप्प बसणारी. हॉलचे स्पीकर खर्जाला फाटत असतील तर आधी दुरुस्त करून घ्या. पियानो फाटका ऐकवण्यापेक्षा चित्रपट न दाखवलेला बरा.

१९७२ साल कुठलं होतं हे प्रास्ताविकात जरूर सांगा, पण पाच मिनिटांत. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री अमेरिकेत दूरचित्रवाणीवर भरतीची सोडत झाली : काचेच्या भांड्यात निळ्या डब्या, प्रत्येक डबीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेल्या योग्य वयाच्या पोरांचा नंबर सगळ्यांत आधी. हजारो जण कॅनडात पळाले. अशा वेळी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, भरतीपासून पळालेल्या पोराची १८६३ ची गोष्ट थिएटरात लागली. बेंटननं व्हिएतनामचं नावही काढलं नाही. त्याची गरजच नव्हती. पुढं जानेवारी १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. गंमत म्हणजे, किंवा गंमत नाही म्हणा, लोगन भावांतला एक झालेला जॉन सॅव्हेज पुढं १९७८ च्या ‘द डिअर हंटर’मध्ये व्हिएतनामला गेलेला शिपाई झाला.

आता एक अडचण. ती मी टाळत नाही, कारण मी साताऱ्याकडचा आहे.

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्याचा शिलालेख तिथं आहे, आणि आजही घरटी कुणी ना कुणी फौजेत असतो. स्वतंत्र भारतात सक्तीची भरती कधी आली नाही. आमच्याकडं उलट भरतीच्या मैदानावर पहाटे चार वाजता रांगा लागतात. अशा मुलखात पळपुट्या पोराला नायक म्हणून कोण बघणार, अशी शंका माझ्याही मनात होती.

गेल्या हिवाळ्यात एका मित्राच्या गच्चीवर, चादरीवर, आम्ही अकरा जणांनी हा चित्रपट पाहिला. मध्ये वीस मिनिटं वीज गेली. प्रेक्षकांत शेजारचे एक निवृत्त सुभेदार होते. वीज गेली तेव्हा ते स्वच्छ म्हणाले, “पळपुट्याचा पिच्चर लावलाय व्हय!” मी म्हटलं, काका, वीज आली की पाच मिनिटं बघा, नाही आवडला तर बंद करू. वीज आली. काका बसले. बूग गेला तेव्हा त्यांनी विडी विझवली. चित्रपट संपल्यावर बाकीचे छायाचित्रणावर, पियानोवर बोलत होते. काका बराच वेळ चादरीकडंच बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे त्या माउलीनं एक पोरगा दिला. दुसरा दिला न्हाई. एवढंच ना?” आणि पायऱ्या उतरून गेले.

मी त्यावर काय बोलणार? चर्चासत्राला पाहुणा वक्ता बोलवायचा असेल तर मला तेच आधी आठवतात. पण ते येणार नाहीत.

चित्रपट निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. बायका त्यात येतात त्या कुणाची आई, कुणाची बायको म्हणून, आणि त्या सौद्याच्या प्रसंगात तर दिग्दर्शकाचं लक्ष पोरांवरच आहे, तिच्यावर नाही. आज ते खटकतं आणि खटकायलाच हवं. ज्या जमिनीवरून ही पोरं चालताहेत, तिचे मूळ रहिवासी जवळपास नाहीतच. मधला एक तुकडा रेंगाळतो. पण या उणिवांवर बोलायलाच तर चर्चा ठेवायची असते. नेहमीच्या पाच चित्रपटांवर बोलायचं काय उरलंय? त्यांच्या चर्चेत आपण आता एकमेकांची वाक्यं पूर्ण करतो.

हा चित्रपट मागं का पडला, याला माझ्या मते थोडं दुर्दैव आणि थोडी वर्गवारी कारणीभूत आहे. बेंटन टेक्सासचा, ‘एस्क्वायर’ मासिकात कला विभाग सांभाळायचा. तिथलाच डेव्हिड न्यूमन हा त्याचा सहलेखक. दोघांनी मिळून ‘बॉनी अँड क्लाइड’ लिहिला, १९६७ मध्ये तो गाजला. ‘बॅड कंपनी’ही दोघांनीच लिहिला आणि दिग्दर्शक म्हणून तो बेंटनचा पहिलाच. पण पुढं १९७९ मध्ये त्याचा ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ आला, ऑस्कर घेऊन गेला, आणि बेंटन म्हणजे घटस्फोटाचा कौटुंबिक चित्रपट काढणारा सज्जन माणूस, अशी त्याची पाटी तयार झाली. मे २०२५ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी तो गेला तेव्हाही पाटी तीच होती.

ब्रिजेसचं भलं झालं. तरुण दरोडेखोर झालेला हा पोरगा २०१० मध्ये म्हातारा, एकाक्ष मार्शल होऊन वेस्टर्नमध्ये परत आला. बिग जो झालेला डेव्हिड हडलस्टन त्याला १९९८ मध्ये ‘द बिग लेबोव्स्की’त पुन्हा भेटला. ती जोडी ज्यांना पाठ आहे त्या आपल्या तरुण सभासदांना एवढं एक आमिष पुरेल. पण ड्रू झालेला बॅरी ब्राऊन? तो १९७८ मध्ये गेला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, स्वतःच्या हातानं. त्याचा ड्रू बघताना मला हे माहीत नसतं तर बरं झालं असतं. त्या चेहऱ्यात एक ओशाळलेपण आहे, आपण चांगले आहोत हे सतत कुणाला तरी पटवून द्यावं लागत असल्यासारखं. ब्रिजेस सगळा पडदा व्यापतो हे खरं, पण ब्राऊन नसता तर त्याला आपटायला भिंतच मिळाली नसती.

तर मंडळी, मागणं काय?

येत्या वर्षाच्या पत्रिकेत हा चित्रपट घ्या. कॉलेजातल्या पोरांना फुकट बसवा, विशेषतः ज्यांना कुणाच्या तरी संगतीबद्दल घरी बोलणी खावी लागतात अशांना. दाखवण्याचे हक्क रीतसर मिळवा. तो पॅरामाउंट या हॉलिवूडच्या कंपनीचा चित्रपट आहे, वर्षही अर्जात लिहा, नाहीतर २००२ चा पदरात पडेल. शक्य असेल तर मराठी सबटायटल्स करा. बोली जुनी आणि खेडवळ आहे, इंग्रजी चांगलं असणाऱ्यालाही अर्धी सुटते. जेकला पुस्तकी मराठी बोलायला लावू नका, एवढी एकच अट. सबटायटल्सच्या कामाला मी बसायला तयार आहे, मोबदला नको. सशाच्या प्रसंगाचे शब्द मी करूनही ठेवलेत.

१९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ उभा राहिला, तेव्हा थिएटरवाला जे लावत नाही ते आपण लावू, एवढाच साधा मुद्दा होता. आज थिएटरवाला लावत नाही ते मोबाइलवर मिळतं, हे मलाही कळतं. पण मोबाइलवर हा चित्रपट शोधताना काय होतं ते आमच्या बैठकीत आपण पाहिलंच. कुणीतरी आधी नाव घ्यावं लागतं. आणि विलिसचा अंधार हाताच्या पंजाएवढ्या काचेत, खिडकीतून ऊन येत असताना, कसा दिसणार?

लांबी दीड तासाच्या आसपास आहे. सहाला सुरू केला तर साडेसातला संपतो, चर्चा धरून साडेआठ. शेवटच्या एसटीनं जाणाऱ्यांची अडचण होत नाही. शेवटचं दृश्य मात्र चुकवू देऊ नका. दोघे एका दारापाशी येतात, दार उघडतात, आणि कुणीतरी एक वाक्य म्हणतं. ते कोण म्हणतं आणि कसं म्हणतं यावर आमच्या गच्चीवर रात्री साडेअकरापर्यंत भांडण चाललं होतं. चित्र तिथंच थांबतं. ते थांबलं की लगेच दिवे लावू नका, निदान दहापर्यंत आकडे मोजा.

काळं कापड माझ्याकडं आहे, पन्नास मीटर. लग्नाच्या मांडवावाल्याकडून घेतलंय, धुऊन ठेवलंय. तारीख कळवा, खिडक्यांची मापं पाठवा. मी दुपारी येऊन लावून देतो.

आपला,
मागच्या रांगेतला, खुर्च्या मांडणारा एक सभासद